पहिली धार भुईला

नांदूरघाटात यंत्र कुणाचंही बिघडो, लोक अभिमन्यूचं दुकान गाठायचे. सटवा आणि ताराबाईचा हा एकुलता एक, वय पंचवीस. घर पिढ्यान्‌पिढ्या जनावरांमागं हिंडणारं, पण या पठ्ठ्यानं केजला जाऊन कॉम्प्युटर शिकून घेतला आणि बसस्टँडजवळ टपरीएवढं दुकान थाटलं. हाताला यश होतं. आणि हाताला यश असलेल्या माणसाला जो रोग जडतो तो यालाही जडला होता: आपलं चुकेल असं त्याला कधी वाटतच नसे.

ताराबाईला लेकाच्या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, अभिमान मात्र ढीगभर. तिची स्वतःची विद्या गोठ्यातली. अभिमन्यू सहा वर्षांचा असताना तिनं त्याला पहिल्यांदा म्हशीखाली बसवलं आणि सांगितलं, “पयली धार भांड्यात घ्यायची न्हाई बाबा, भुईला सोडायची. ती मागची, सडात ऱ्हायलेली असती. आजचं दूध तिच्यामागून येतं.” त्यानं धडा पाठ केला, पुष्कळ वर्षं धारा काढल्या, आणि दुकान टाकल्यावर विसरून गेला.

गावाबाहेर रस्त्याकडेला एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना आहे. मनिषा सिस्टर तिथं रोज असतात, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. दिवाळीच्या आधी कुणा दात्यानं दवाखान्याला ईसीजीची डबी दिली. डबी मुठीत मावेल एवढी. तिच्या तारा छातीला चिकटवायच्या, यूएसबीची वायर कॉम्प्युटरला खुपसायची, की काळजाची पट्टी पडद्यावर येणार. पण दवाखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला डबीची भाषाच कळेना. डबी आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये जो दुभाष्या लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कुठं मिळेना, तेव्हा अभिमन्यूनं चार दिवस ठाण मांडून स्वतःच लिहिला. तालुक्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे मात्र खरं.

पाचव्या दिवशी सकाळी त्यानं तारा स्वतःच्याच छातीला लावल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर नुसती सरळ रेघ. पुन्हा दाबलं, तर पट्टी अशी झकास आली की सिस्टरांनी टाळी वाजवली.

“पयल्यांदा रेघच कावून आली?” त्यांनी विचारलं.

“नवं यंत्र हाय सिस्टर, आळस झाडतंय,” तो हसत म्हणाला. हे हसणं त्याला जन्मभर पुरणार होतं.

ताराबाईच्या छातीत दोन दिवस कळ येत होती. ती म्हणे, गॅस आहे. त्याच दुपारी अभिमन्यूनं तिला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात आणलं. काळजी होतीच, पण खोटं कशाला बोला, आपलं यंत्र आईला दाखवायची हौसही होती. तारा लागल्या, बटण दाबलं, पट्टी आली. सिस्टरांनी पट्टीचा फोटो डॉक्टरांना धाडला. पाच मिनिटांत डॉक्टर फोनवर हसत म्हणाले, “ताराबाई, तुमचं काळीज तर पंचविशीतलं आहे! पित्त असेल. सिस्टर गोळ्या देतील.”

ताराबाई इतकी हरखली की घरी जाताना चार ओट्यांवर थांबून सांगत गेली. “काळीज माझं पंचविशीतलं हाय मनले डाक्टर! लेकाच्या मिशीननं दावलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात म्हशीशेजारी कलंडली. अभिमन्यू धावत गेला तेव्हा दुधाची चरवी पालथी झाली होती आणि सगळं संपलं होतं.

लोक म्हणाले, कालच तर तपासलं होतं, वेळच भरली म्हणायची. अभिमन्यूनंही तेच धरून ठेवलं. आपण करायचं ते केलं, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं तेरा दिवस काढले.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी सिस्टरांचा फोन आला. तानाजी नावाचा बावीस वर्षांचा गडी ऊसतोडीला निघायच्या आधी छातीत भरलंय म्हणून आला होता. त्याची पट्टी पाहून डॉक्टर फोनवर ओरडलेच: मोठा झटका आहे, एक मिनिट दवडू नका, बीडला हलवा! गाडी बोलावली, ऑक्सिजन लावला. तानाजी आपला “मला झालंय तरी काय?” असं विचारत गाडीत पडून राहिला. बीडला पुन्हा पट्टी काढली तर काळीज ठणठणीत. पोती उचलून छाती भरली होती, एवढंच.

“तुमचं मिशीन खोटं बोलायलंय, अभिमन्यूभाऊ,” सिस्टर म्हणाल्या.

तो तसाच दवाखान्यात गेला. तारा टेबलावर मोकळ्या पडल्या होत्या, कुणाच्याही अंगाला लावलेल्या नव्हत्या. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर कुणाचं तरी काळीज ठोके देऊ लागलं.

पुन्हा दाबलं. आता सरळ रेघ.

डबी खोटं बोलत नव्हती. ती एक माणूस मागं होती. नवी पट्टी पोटात ठेवून घ्यायची आणि आधीची बाहेर द्यायची, असा तिचा खाक्या होता. आत्ता निघालेलं काळीज तानाजीचं. मग तानाजीच्या नावावर निघालं ते कुणाचं? “मदी आणखी कुणाची काढलीती का पट्टी?” त्यानं विचारलं. सिस्टरांनी नाही म्हणून मान हलवली. तानाजीच्या आधी फक्त ताराबाई. आणि ताराबाईच्या आधी, त्याच सकाळी, तो स्वतः.

आईच्या कागदावर त्याचं काळीज छापलं होतं. आणि आईच्या काळजासाठी खरोखर गाडी धावली होती, ऑक्सिजन लागला होता. पंधरा दिवस उशिरा, आणि एका धडधाकट माणसाला.

यंत्राच्या पोटात कंपनीनं भरून दिलेल्या अकलेला फर्मवेअर म्हणतात. दोष तिथं होता. त्यानं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालेलं आहे, त्यात आता बदल होणार नाही. म्हणजे डबी अशीच मागं राहणार. काय करायचं ते दुभाष्यानंच करायला हवं होतं.

उपाय चार ओळींचा निघाला. बटण दाबलं की ड्रायव्हरनं डबीकडून पट्टी मागायची, आलेली पहिली कुणालाही न दाखवता टाकून द्यायची, आणि लगेच दुसरी मागून ती पडद्यावर आणायची. पेशंटला फक्त दहा सेकंद जास्त पडून राहावं लागणार. दवाखान्यातच बसून लिहिता लिहिता त्याचे हात थांबले. मागचं असतं ते टाकून द्यायचं, आजचं त्याच्यामागून येतं. हे त्याला सहा वर्षांचा असताना कुणीतरी शिकवलं होतं. तो टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. सिस्टर बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यात गेला. म्हैस ताराबाईशिवाय कुणाला पान्हा सोडत नव्हती, म्हणून सटवा बायकोचं लुगडं अंगावर पांघरून धार काढायला बसायचा. त्या लुगड्याकडं बघायचं टाळत अभिमन्यूनं बापाला सगळं सांगितलं.

“आबा, कागदावर नाव आयचं व्हतं अन्‌ काळीज माझं. ती सरळ रेघ मी डोळ्यानं बघितलीती. हसण्यावारी नेली. मी मारली तिला.”

सटवा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“तू न्हाई,” तो म्हणाला. “त्या सकाळी ती मला मनली, कळ लई यायलीय, आज धार तुमी काढा. मी वाकळंत पडलतो. मनलं, पंचविशीतलं काळीज हाय तुझं, ऊठ की. तर हसली. चरवी घितली अन्‌ गेली.”

अभिमन्यू बापाशेजारी शेणातच बसला आणि दोघं रडले. म्हशीनं मान वळवून लुगडं हुंगलं, पान्हा सोडला. सटवानं डोळे पुसून चरवी पुढं ओढली. पहिली धार भुईला सोडायची दोघांनाही आठवण राहिली नाही.