विकण्याचा अधिकार वगळून

माझ्या नावाची सही वर्षानुवर्षं माझा धाकटा भाऊ करत आला, आणि तीही माझ्याच सांगण्यावरून. मी चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरीला, तो देवगाव रंगारीला शेतावर. सातबारावर दोघांची नावं. पीकविमा असो की विजेचा अर्ज, दरवेळी सुट्टी कोण काढणार? ‘तूच कर माझी सही,’ मी म्हणायचो. गावात निम्मे भाऊ असंच करतात.

एकदा देवगावच्या बँकेत मी स्वतः सही केली. कारकून म्हणाला, ‘जुळत नाय.’ भाऊ हसत सुटला. ‘दादा, तुझी सही तुलाच येईना व्हय! आण इकडं.’ त्यानं तिथंच सही ठोकली आणि ती जुळली. मीही हसलो. पण नवा साहेब आतून बघत होता. त्यानं दोघांना बोलावून बजावलं, हे पुन्हा चालणार नाही, रीतसर मुखत्यारपत्र करून आणा.

म्हणजे माझ्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार भावाला कागदावर द्यायचा. इतकी वर्षं तोंडी सहज दिलेला अधिकार लिहून द्यायची वेळ आली, तेव्हा मात्र माझं मन कचरलं. रझाकारांच्या धामधुमीत आमचे आजोबा चुलतभावाच्या भरवशावर जमीन सोडून गेले होते. पोलीस ॲक्शननंतर परतले, तोवर एक तुकडा त्या चुलतभावाच्या नावावर झालेला. ही गोष्ट मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. माझ्या भावानं मात्र एका कणसाचंही कधी खोटं सांगितलं नव्हतं. माझ्या वाट्याची ज्वारी मी न मागता घरी येऊन पडायची.

दस्तलेखकाला मी परस्पर फोन केला आणि एक वाक्य घालायला सांगितलं. भावाला सांगायचं धैर्य झालं नाही. वाटलं, तो कुठं वाचत बसणार? पण आमच्याकडचे दस्तलेखक नोंदणीआधी सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतात, हे मी विसरलो होतो. रजिस्ट्री ऑफिसबाहेर, चार लोकांत, त्यांनी वाचलं : ‘मात्र सदर मिळकत विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा बक्षीस देण्याचा अधिकार मुखत्यारास राहणार नाही.’

भावानं कागद स्वतःकडं ओढून घेतला.

‘मी इकणार होतो व्हय, दादा?’

‘तसं नाही रे...’

‘वहिनीनं सांगितलं का?’

बायकोला या वाक्याचा पत्ताही नव्हता. उलट ती म्हणाली होती, भाऊजींना सगळे अधिकार देऊन टाका, आपल्याला शेतीतलं काय कळतं? मला एवढंच म्हणायचं होतं, ‘नाही, मीच.’ मी मान खाली घातली. त्यानं त्याचा अर्थ होकार असा लावला आणि मी तो लावू दिला.

‘मंग ठीक,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, तुझ्याच मनात आलं.’

त्यानं सही केली, अंगठा दिला, वर मला चहाही पाजला. त्या दिवसापासून त्याचे फोन येऊ लागले. ‘बांधावरची बाभळ तोडायचीय. वहिनीला इचारून सांग.’ ‘मोटर जळाली. वहिनीला इचार, बदलू का.’ सूर थट्टेचा, पण पालुपद तेच. मी फोन घेऊन गॅलरीत जातो आणि हळूच ‘कर’ म्हणतो.

यंदा हुरड्याचं बोलावणं आलं, ते मला एकट्यालाच. दरवर्षी आम्ही दोघं जायचो. त्यामुळं बायकोनं तिळाची चटणी आधीच कुटून ठेवली होती.

‘भाऊजी माझ्यावर रागावलेत का हो?’ तिनं विचारलं. ‘माझं काही चुकलं का?’

‘छे. गडबडीत राहून गेलं असेल त्याचं.’

तिनं चटणीचा डबा माझ्या पिशवीत ठेवला. मी एकटाच देवगावच्या बसमध्ये बसलो.