भासऱ्यांचा शिक्का

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गावचे पोस्टमास्तर होते आणि गावचं पोस्ट आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. मला त्या माणसाचा मनस्वी राग यायचा. आजही येतो, आणि तो कमी करायचा माझा विचार नाही.

दोन हजार तीन साली लग्न होऊन मी गोंदियाहून सडक अर्जुनी तालुक्यातल्या या गावी आले, ती ट्रंकेत पाकिटं घेऊनच. दूरच्या बेटांवरून शिक्का लागून आलेली पाकिटं जमवायचा मला नाद होता. सेंट हेलेना, फॉकलंड, पिटकेर्न. नुसती तिकिटं नव्हे, अख्खं पाकीट. तिथल्या पोस्टमास्तरला विनंतीचं पत्र लिहायचं, सोबत परतीच्या टपालाचं कूपन आणि आपलाच पत्ता लिहिलेलं रिकामं पाकीट ठेवायचं. तो त्यावर तिकीट लावतो, बेटाचा शिक्का मारतो आणि परत धाडतो. आत काही नसतं.

हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. सासूबाई पाकीट उजेडात धरून विचारायच्या, "कागद कुठी हाय?" जाऊबाई तर गावभर सांगून आल्या, "लहानी सोताच सोताले चिठ्ठ्या लिवून राहिली." पत्ता माझ्याच अक्षरात असायचा, तेव्हा खोटं तरी कसं म्हणू? गावाने मला वेड्यात काढलं. तेही मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेतलं नाही ते भासऱ्यांचं. टपाल गावात पोचल्याचा शिक्का पाकिटाच्या पाठीवर मारावा. हे गृहस्थ तो नेमका तिकिटावर हाणायचे. पेंग्विनच्या तोंडावर आमच्या गावाचं नाव, तेही फासलेलं. फॉकलंडची दोन आणि सेंट हेलेनाचं एक, अशी माझी तीन पाकिटं त्यांनी नासवली.

बरं, सांगायचीही सोय नाही. भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांनीही माझ्याकडे बघायचं नाही, अशी घरची रीत. मग मी भिंतीला ऐकवायची, "शिक्का मागं मारला तं का हात झडते?" तेही भिंतीलाच उत्तर द्यायचे, "पोस्ट मी चालवून राहिलो का हे बाई?" नवऱ्याला मध्ये घालावं, तर "दादाले मी काऊन सांगू?" म्हणून तो धानाच्या बांधीकडे चालू लागायचा. दोन भावांमध्ये मिळून एक कान असता तरी मला पुरला असता.

शेवटी मी ट्रिस्टन द कून्याला लिहिलं. अटलांटिकच्या मधोमध ते बेट, विमानतळ नाही, जहाजं वर्षातून मोजकी. दीड वर्ष गेलं. माहेरच्या बोलावण्याचीसुद्धा मी कधी इतकी वाट पाहिली नव्हती. तिथून दुसरं पाकीट मिळेल याची खात्री नव्हती, आणि हे एक तरी स्वच्छ हवं, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी कोहमारा गावाहून टपालाची थैली आली. पडद्याआडून बघते तर भासऱ्यांसमोर माझ्या अक्षरातलं पाकीट, आणि त्यांच्या हातातला शिक्का शाईच्या गादीवर टेकलेला. मी पडदा सारला आणि सरळ पोस्टात शिरले. बाकावर दोन म्हातारे गप्पा मारत बसले होते. माझ्या डोक्यावर पदर नव्हता.

भासऱ्यांनी मात्र रीत पाळली. मला पाहताच मान वळवून तोंड भिंतीकडे केलं. हात तेवढा थांबवला नाही. मी तळव्याने तिकीट झाकलं आणि तो लोखंडी शिक्का दाणकन माझ्या हाताच्या पाठीवर बसला. कळ पार मस्तकात गेली.

भासऱ्यांनी वळून पाहिलं, आधी हाताकडे, मग माझ्या तोंडाकडे. चार वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले.

"लागलं का वो बाई?"

आवाज खरंच कळवळलेला होता. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी हात उचलून आधी तिकीट पाहिलं, मग पाकीट उलटसुलट करून तपासलं.

"पाकिटाले नाई लागलं," म्हटलं, आणि पाकीट घेऊन मी आत गेले.