बशीच्या पाठीवरचं साल

आमच्या घरी निळ्या काठाच्या सहा बश्या होत्या. निजामाच्या तालुकदारानं खूश होऊन आजोबांना दिलेल्या, असं दादा सगळ्यांना सांगायचा. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर त्या फळीवर आल्या. आधी माळ्यावर पेटीत होत्या, असं आई म्हणाली. मी परकरातली पोर, खरं मानलं.

लग्नानंतर सोलापुरात मी जुन्या चिनी भांड्यांच्या खरेदी-विक्रीत पडले. या धंद्यात नक्षी नंतर बघायची, आधी भांडं पालथं करायचं. तळाला कारखान्याचा शिक्का असतो. काही विलायती कारखाने ओल्या मातीतच महिन्या-सालाचे आकडे दाबतात. ते पुसता येत नाहीत.

भाच्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडचे घर बघायला येणार म्हणून मी तुळजापूरजवळच्या आमच्या गावी गेले. दादानं बश्या काढल्या.

"पाव्हण्यांना तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकल्यावर कोण न्हाय म्हणंल?"

सवयीनं मी बशी पालथी केली. सात, सत्तेचाळीस: म्हणजे सत्तेचाळीसचा जुलै. आजोबा तर दुसरं महायुद्ध चालू असतानाच गेले होते.

"पालथं घालून काय बघायलीस? धुऊन ठेव," आई म्हणाली.

"आई, या कुणाच्या?"

ती तांदूळ निवडत राहिली. "शेजारच्या चाचीच्या. ॲक्शनच्या वक्ताला ते लोक जीव घेऊन पळाले. दार उघडंच होतं. समद्यांनीच आणलं. कुणी पलंग आणला, म्या बश्या."

"परत आली नाही ती?"

"आली की, वर्सानं. हितंच बसली. फळीकडं बघितलं. चहा पिली, तुझी चौकशी केली, गेली."

"मागितल्या नाहीत?"

"न्हाय."

मी दादाला म्हटलं, मी खोटं सांगणार नाही.

"मग गप बस. तेवढं तरी कर."

गप बसणार होते. पण पोहे खाता खाता मुलीच्या वडलांनी विचारलंच, "ताई, तुम्ही जाणकार. आजोबांच्याच ना या?"

"नाही. शेजारच्यांच्या आहेत."

"असं? कोण हो ते?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. आम्ही तिला चाची म्हणायचो, तिच्या मालकांना कचेरीतल्या हुद्द्यावरून नाझरसाहेब. मी दादाकडं पाहिलं, मग आईकडं. आम्हां तिघांनाही त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.