टोकाच्या खोलीचा एअर व्हेंट

सुलूताई, गुडघा काय म्हणतो? विनायकराव, खोकला गेला का? वसुधा, नातवाचा ताप उतरला ना?

तिघांना मिळून हे एकच पत्र. मी बरा आहे, मन तेवढं आंबलंय.

मुलगा-सून बॉस्टनला गेले. तिथलं जुनं घर वाफेवर तापतं. रेडिएटरचे एअर व्हेंट बिघडले, तेव्हा इथे सिंगापुरात, पासिर रिसच्या घरी पंख्याखाली बसून, व्हिडिओ बघत मीच नवे निवडून दिले. आतली हवा गेल्याशिवाय वाफ शिरत नाही. म्हणून बॉयलरजवळच्या खोल्यांना हवा सावकाश सोडणारे, टोकाच्या खोलीला भराभर सोडणारा. टोकाची खोली माझी. यंदा तिकडेच राहायला जायचं ठरलं होतं.

आज फोनवर विचारलं, "माझी खोली तापते का रे?"

मुलगा बोलायच्या आत मागून नात तिच्या सिंगापुरी ढंगात ओरडली, "आजोबा, ती मम्मीचं ऑफिस झाली लाह!"

"बाबा, तुम्हाला इथली थंडी झेपायची नाही," मुलगा म्हणाला.

"बरं. व्हेंट नीट चालतोय ना?"

"एकदम! घरात सगळ्यात उबदार खोली तीच आहे."

मी लोकरीचा कोट घेऊन ठेवलाय. सिंगापुरात तो कुणाला देऊ, सांगा. आणि जरा लवकर लिहा.