मांजरीसाठी लावलेली फळी

उंदरांशी मी वर्षभर लढले आणि हरले ती आमच्या काकांमुळे.

नंजनगूडच्या रस्त्यावर आमची एक शेड आहे. तिथे जवळच्या गावातल्या शेतकरी बायकांचा गट बियाणं ठेवतो. त्यात एका जुन्या वाणाची नऊ पोती रागी होती. महाराष्ट्रातले लोक तिला नाचणी म्हणतात. हे बी आणखी कुठेच मिळत नाही. पेरणीआधी गेलं तर वाणच संपला. गटाची अट एकच, विष घालायचं नाही. विषानं मेलेला उंदीर खाऊन त्यांच्यातल्या एकीचा कुत्रा गेला होता.

मी म्हटलं, हरकत नाही. पोती ठेवायला छातीएवढा उंच माच बांधून घेतला. देवराज मोहल्ल्यातल्या पत्रेवाल्यानं चारही पायांना पत्र्याची उलटी नरसाळी बसवून दिली. उंदीर पाय चढायचा, पत्र्याखाली अडकायचा आणि धप्पकन खाली. पहिल्या दिवशी मी खुर्ची टाकून हे नाटक बघत बसले आणि दोनदा टाळ्याही वाजवल्या.

पंधरवड्यात एक पोतं कुरतडलेलं निघालं. मी छत तपासलं, भिंती तपासल्या, पत्रेवाल्याला फोनवर झापलं. मग एका संध्याकाळी अवेळी शेडमध्ये गेले, तर पोती चढवायची लांब फळी माचाला टेकवलेली आणि तिच्यावरून एक उंदीर सावकाश वर चाललेला, चामुंडी डोंगराच्या पायऱ्या चढावा तसा.

किल्ली काकांकडे असते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, घरी बसवत नाही.

"काका, फळी कुणी लावली?"

"मी. मांजरीला."

"मांजरीला?"

"गाभण आहे ती. उडी मारवत नाही. मत्ते, मग वर जाणार कशी?"

"वर तिचं काय काम?"

"उंदीर नाहीत का वर?"

"ते तुमच्या फळीवरून चढलेत."

"चढले ना? म्हणून तर मांजर पाहिजे."

मी फळी काढायला सांगितली. "इरली," काका म्हणाले, म्हणजे राहू दे. याच एका शब्दावर त्यांनी आख्खी नोकरी काढली. मी रोज फळी काढायची, त्यांनी रोज लावायची. मी ती शेजारच्या गिरणीत लपवली, तर त्यांनी शिडी आणली. तेवढ्यात मांजर वरच व्याली. बाळंतिणीला हलवायचं नाही, असा हुकूम निघाला आणि शिडी दिवसरात्र तिथेच राहिली. मांजर पिल्लं चाटत पडायची. पलीकडच्या पोत्यावर उंदरांची पंगत चालायची.

पेरणीच्या तोंडावर गटाची म्होरकी आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिनं एकेक पोतं उघडलं, मूठभर दाणे हुंगले. पाच चांगली होती, चार वाया. मी काकांकडे बघितलं. काका पिल्लांकडे बघत होते.

"चार घरांचं बी," अक्का कन्नडमध्ये एवढंच म्हणाली. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. पाच पोती टेम्पोत चढवून ती म्हणाली, "उरलेलं चाळा. ओल्या फडक्यात बांधून बघा. मोड आले तर कळवा."

आम्ही दोघांनी चार दिवस चाळलं. काकांनी चष्मा लावून लेंड्या वेचल्या आणि तोंडानं ते मांजरीची बाजू मांडतच राहिले. मी ऐकून घेतलं, कारण हात दोनच माणसांचे होते.

फडकं सोडलं तर निम्म्या दाण्यांना मोड होते. मी अक्काला फोन लावला आणि आधी त्या निम्म्यांबद्दल सांगायला सुरुवात केली.