घासून गेलेला कोपरा

माझ्या तळहाताएवढ्या डिजिटल डायरीच्या काचेचा एक कोपरा घासून पांढुरका झालाय. बाकी काच अजून नवी वाटते. आज सकाळी चहाच्या वेळी डायरी वाजायला लागली, तेव्हा कारण कळलं. त्या कोपऱ्यात ‘पुढे ढकला’ हे बटण उमटतं. वर्षानुवर्षं मी तिथेच तिची लिहायची काडी टेकवत आलोय. आता नेमकी तेवढीच जागा मेली. नखाने दाबलं, अंगठ्याने दाबलं, ढिम्म!

डायरीतल्या यादीला मी मोठ्या हौसेनं ‘आयुष्यात करायचंच’ असं नाव दिलं होतं. पोहणं, सतार, घरामागची बाग, सगळं क्रमवार लावलेलं. ते लावण्यातच इतकं समाधान मिळायचं, की करायची घाई उरायचीच नाही.

आज वाजत होतं ते ‘ताईकडे राहायला जाणे’. माझी थोरली बहीण कोकणात एकटी असते. तिची नजर जात चालली आहे. “दिसतंय तोवर येऊन जा रे,” असं ती म्हणाली, त्याच संध्याकाळी मी हे नोंदवलं. नोंदवलं आणि जणू जाऊनच आलो.

“अहो, बंद करा ना ते!” बायको म्हणाली.

“होत नाहीये.”

“दुसरं बटण नाही का?”

आहेत की दोन. ‘झालं’ आणि ‘काढून टाका’. दोन्हींवर ओरखडासुद्धा नाही.

डायरी वाजतच ठेवली. तसाच ताईला फोन लावला.

“कोण बोलतंय?” ती म्हणाली. “फोनवरचं नाव दिसत नाही हो मला आता.”