भिंतीला चिकटलेल्या पेशी

आमच्या आत्याचं उभं आयुष्य रक्ताच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळे लावून गेलं. त्यामुळे ती माणसाकडेही अशी बघते, की आपल्या आत काहीतरी वळवळतंय असं त्याला उगाच वाटू लागतं. आतोबा रंगारी. दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा माणूसच तिच्याशी संसार करू जाणे.

लॅबचा दंडक असा, की आपल्या माणसाच्या रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी आपण तपासायची नाही. नवख्यांना तो आत्याच शिकवते. पण आतोबांना हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा त्यांच्या रक्ताची काचपट्टी तिनं कुणाच्या हाती लागू दिली नाही. मलेरियाचा एकही जंतू दिसला नाही. परक्याला ती म्हणाली असती, एका काचपट्टीवर भरवसा नको, उद्या पुन्हा रक्त द्या. घरी मात्र फोन करून सांगितलं, मलेरिया नाही. आतोबांनी लगेच शिडी खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी ते शिडीवरून रंगाच्या डब्यासकट खाली आले. दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं. या वेळी आत्याच्या लॅबमधल्या मैत्रिणीनं तपासलं, तर जागोजागी पेशींत बारीक अंगठ्यांसारखे दिसणारे जंतू. डॉक्टरीणबाईंनी कालची काचपट्टीही पाहिली. ती खरोखर स्वच्छ होती.

"मग काल होते कुठे लेकाचे?" सलाइन लावलेल्या आतोबांनी विचारलं.

आत्यानं हळू आवाजात सांगितलं. जंतू तांबड्या पेशीत शिरतो आणि आतून प्रथिनांचा माल पाठवून तिच्या पातळ आवरणावर बारीक बारीक उंचवटे उठवतो. एरवी गुळगुळीत, लवचिक असलेली पेशी मग ताठरते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. वाहत राहिली, तर पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, तिला गाळून काढेल ना! बोटातून थेंब काढावा, तर त्यात ती येतच नाही. ती फुटल्यावर बाहेर पडून नव्या पेशींत शिरलेली पिल्लं तेवढी आज सापडली.

आतोबांनी मोकळ्या हातानं खाटेशेजारची भिंत चाचपली.

"गुळगुळीत भिंतीवर रंग धरत नाही, आधी खरवडावी लागते. एवढं कळायला मी वस्तादाचा मार खाल्ला. याला कुणी शिकवलं गं?"

आत्यानं मैत्रिणीला सांगून टाकलं, यापुढे यांची काचपट्टी तूच बघ.

औषध सुरू झाल्यावर पुढची काचपट्टी लॅबमध्ये गेली, तेव्हा आत्या दाराबाहेर नातेवाइकांच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती. मैत्रीण बाहेर आली. म्हणाली, एकही दिसत नाही.

आत्यानं डोळे पुसले.

"उद्या पुन्हा रक्त घे त्यांचं," ती म्हणाली.